सरकीतल्या सात बाटल्या

चंपत दुर्गे गेल्याचं नागनाथ भरण्याला काही दिवसांनी कळलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तो इचोड्याला पोचला तेव्हा मंडप भरला होता. कोणीतरी त्याला ओळखलं, हाताला धरून पुढं नेलं आणि माईक समोर केला. "तुमी त्यायचे जुने दोस्त. दोन शब्द बोला."

नागनाथ उभा राहिला आणि तसाच खाली बसला. बोलायला त्याच्याजवळ होतं काय? चंपत किती शिकला होता, त्याला माहीत नव्हतं. बायको होती की नव्हती, ते कधी विचारलं नव्हतं. त्याला एक बहीण होती, हे त्या मंडपातच कळलं. सगळी ओळख मिळून एकवीस दिवसांची, आणि पुढं मोजक्या भेटींची. एवढ्यावर कोणी कोणाचा दोस्त होतो?

त्याच्या आधीचा वक्ता म्हणाला होता, चंपतराव शांत स्वभावाचे होते. हे मात्र खोटं होतं, आणि ते ऐकून नागनाथच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्यानं पाहिलेला चंपत एक दिवस शांत नव्हता. चहा पितानाही तो कपाबरोबर भांडतोय असं वाटायचं. आणि त्याचा राग खरा होता. मेलेल्या माणसाचा राग पुसून त्याला शांत करून टाकायचं, म्हणजे ज्यांच्यावर तो रागावला होता ते सगळे सुटले.

साल दोन हजार दोन. नागनाथ तेव्हा तलमडुग्याच्या मंडल कचेरीत, म्हणजे तहसीलीत, कारकून होता. बायकोमुलं आदिलाबादला, तो कचेरीपासून चार किलोमीटरवरच्या एका गावात पांडुरंगराव पटेलाच्या घराची रस्त्याकडची खोली भाड्यानं घेऊन राहायचा. पंचनामे लिहायचं काम त्याच्याकडं. जळालेली गंजी, मेलेला बैल, पडलेली भिंत. डोळ्यांना दिसलं तेवढं लिहायचं, का झालं ते लिहायचं नाही, खाली गवाहांच्या सह्या घ्यायच्या. अक्षर इतकं चांगलं की तहसीलदार दुसऱ्यांचे कागदही त्याच्याकडून लिहून घ्यायचा. पण तोंड उघडायची वेळ आली की नागनाथचा घसा बसायचा. तो स्वतःही हे जाणून होता.

जानेवारीत एका सकाळी त्या गावच्या बौद्ध वस्तीसमोर एक गाडी थांबली. आत डोमाजीचं प्रेत होतं. प्रेताशेजारून चंपत उतरला तो छातीशी एक घोंगडी धरून, आत जणू तान्हं मूल असावं. दोघंही या वस्तीतले. गोदावरी जिथं समुद्राला मिळते त्या भागात एका खाजगी कंपनीच्या तेलविहिरी होत्या. चंपत तिथल्या प्रयोगशाळेत नऊ वर्षं मदतनीस होता. डोमाजीला कामावर त्यानंच लावलं होतं. पाण्याच्या एका बंद टाकीचं झाकण डोमाजीनं उघडलं आणि तो जागच्या जागी कोसळला.

कंपनीनं प्रेतासोबत कागद दिला होता. त्यात एक ओळ होती: मयत दारूच्या नशेत टाकीवरून पडला.

डोमाजीनं जन्मात दारू तोंडाला लावली नव्हती. त्याची बायको भागाबाई तो कागद घेऊन माती दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी नागनाथच्या दारात आली.

"सायब, तुमी कचेरीतले. हे अक्षर पुसता येते का?"

"नाही येत, बाई."

"मंग माह्या पोरी जलमभर बेवड्याच्या पोरी म्हनून राह्यतीन का? कागदात लिवलं म्हंजे ते खरंच होते ना?"

कागदात लिहिलं की खरं होतं, यावरच तर नागनाथचं पोट चालत होतं.

त्याच संध्याकाळी चंपत आला. दार न वाजवता आत शिरला आणि म्हणाला, "तुमी पंचनामे लिहिता म्हनते. मले रोज एक पायजे. चला."

चंपतच्या घरात सरकीचा ढीग होता, त्याच्या आईच्या, मथुराबाईच्या म्हशीसाठी ठेवलेला. चंपतनं सरकीत हात घातला आणि एकेक करून सात लहान बाटल्या बाहेर काढल्या. रबराची बुचं, वर पातळ पत्र्याचं सील. आत पाण्यासारखं काहीतरी, आणि प्रत्येक बाटलीत एक लोखंडी खिळा. पहिल्या दोन बाटल्यांतलं पाणी काजळासारखं काळं झालं होतं. बाकीच्या नितळ.

"ज्या टाकीनं डोमाजी घेतला, तिचं पानी हाय हे. त्याच दिवशी म्या सुईनं भरलं, घोंगडीत गुंडाळून आनलं. पहिल्या बाटलीत एक थेंब, तिच्यातला एक थेंब दुसरीत, दुसरीतला तिसरीत. असं सहापर्यंत. सातवीत काहीच नाही घातलं. ते नितळच राह्यली पायजे. पान्यात जंतू असन तर खिळ्याजवळून काळं होते. काळं जितकं पुढच्या बाटलीत जाईन, तितके जंतू जास्त."

"आणि सरकीत कशाला?"

"यायले ऊब लागते. तिथं यंत्र हाय ऊब द्याले. इथं सरकी हाय. जरा पानी शिंपडलं का गरम होते. थर्मामीटर लावून पाह्यलं म्या."

"म्हशीची सरकी नासवली यानं," मथुराबाई चुलीपासून म्हणाली. सत्तरीची बाई, एका डोळ्यात मोतीबिंदू. "म्हैस उपाशी, जंतू पोटभर."

चंपत हसला नाही. बाटल्या परत सरकीत पुरताना तो बोलत राहिला, आणि जमिनीखाली मैलभर खोल काय चालतं ते नागनाथला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. तेल काढायचं तर वरून समुद्राचं पाणी आत दाबावं लागतं. खाली दोन जातींचे जंतू राहतात, आणि दोघांची भाकर एकच: तेलासोबतचं आंबट द्रव्य. पण कोरडी भाकर एकाच्याही घशाखाली उतरत नाही. दोघांना आपापली चटणी लागते. एकाची चटणी समुद्राच्या पाण्यातच असते, फुकट येते. ती खाऊन तो जो वायू सोडतो त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. तो वायू लोखंड खातो, आणि जास्त झाला तर माणूस खातो. दुसऱ्याची चटणी म्हणजे नायट्रेटचं मीठ. ते वरून पोत्यांनी सोडावं लागतं. मिळालं की हा दुसरा असा तुटून पडतो की भाकर आधी हाच संपवतो. पहिला उपाशी राहतो, वायू होत नाही.

"औषध नाही लागत मारून टाकाले," चंपत म्हणाला. "फक्त दुसऱ्याले वेळेवर जेवू घाला लागते. अन् यायनं दोन महिने पोते सोडलेच नाही! रजिस्टरात रोज सोडले म्हनून लिवलं. मी सायबाले सांगतलं, बाटल्या पुढंपुढं काळ्या होऊन राह्यल्या. तो म्हने, चंपत, तू बाटल्या धू."

"मग डोमाजी गेला त्या दिवशी कंपनीनं बाटल्या भरल्या नाहीत?"

"भरल्या ना. दुसऱ्याच दिवशी पाह्यल्या, दोनच काळ्या, सगळं ठीक म्हनून लिवलं अन् फेकून देल्या. अठ्ठावीस दिवस ठेवा लागते, नागनाथभाऊ! अठ्ठावीस! धीर नाही म्हनून नाही फेकल्या. मालूम होतं म्हनून फेकल्या."

महिन्याभरानं एक चौकशी अधिकारी भागाबाईचा जबाब घ्यायला आदिलाबादला येणार होता. तोवर रोज सकाळी सात वाजता नागनाथनं बाटल्या पाहायच्या, दिसेल ते वहीत लिहायचं आणि सही करायची. चंपतनं लिहिलं तर कोण मानणार? सरकारी माणसाचं अक्षर हवं होतं. नागनाथला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं.

चौथ्या दिवसापासून नोंद सुरू झाली. 'बाटली एक व दोन काळी. तीन ते सात नितळ.' नवव्या दिवशी तिसरी काळी झाली. चौदाव्या दिवशी चौथीतल्या खिळ्याभोवती धूर धरल्यासारखं दिसलं आणि दोन दिवसांत ती बाटली काळीठिक्कर पडली. विसाव्या दिवशी पाचवी, तेविसाव्या दिवशी सहावी. सातवी मात्र विहिरीच्या पाण्यासारखी स्वच्छ. चंपत रोज शेजारी उभा राहायचा, आणि नागनाथनं डोळे जरा घाईनं फिरवले की खेकसायचा, "नीट पाहा! बैलाचा पंचनामा नाही हा!"

"मेलेला बैल तरी तुह्यापेक्षा गोड बोलते," मथुराबाई म्हणायची आणि नागनाथपुढं चहा ठेवायची.

चोविसाव्या दिवशी कचेरीला सुट्टी होती. सकाळची नोंद झाल्यावर चंपत भागाबाईला घेऊन आदिलाबादला वकिलाकडं गेला. दुपारी पांडुरंगरावाची सून जयवंताबाई मथुराबाईकडं टोपलं घेऊन आली. त्यांच्या घरची सरकी संपली होती आणि म्हैस दुधावर होती. मथुराबाईनं ढिगातून टोपलं भरून दिलं. सरकीसोबत टोपल्यात काय गेलं, ते तिच्या मोतीबिंदूला दिसलं नाही.

जयवंताबाईनं गव्हाणीत टोपलं उपडं केलं आणि सरकीतून चौथी बाटली बाहेर पडली. काळं पाणी, आत खिळा, वर सील.

जयवंताबाईला दोन महिन्यांपासून दिवेलागणीला झटके यायचे. दवाखान्यात न नेता घरच्यांनी एका जाणत्याला बोलावलं होतं, आणि त्यानं सांगितलं होतं: भानामती आहे, जवळच कुठंतरी पुरून ठेवलंय. आता ते हातात आलं. तिनं जी किंकाळी फोडली ती नागनाथनं आपल्या खोलीत ऐकली.

तो बाहेर आला तोवर पांडुरंगराव वीस-पंचवीस माणसं घेऊन वस्तीत पोचला होता. एका हातात ती बाटली, दुसऱ्यात कुऱ्हाड. मागं नागनाथही गेला, पायच घेऊन गेले.

"मथुरे! बाहेर ये!"

मथुराबाई दारात आली. "दुपारी 'मावशी, सरकी दे' म्हने तुह्या घरचे. आता मथुरे?"

"काय पुरलं तू सरकीत? माह्या सुनेवर कोनं करनी केली?"

"पोराच्या बाटल्या हायेत, पटेला. कंपनीच्या. ठेव ते खाली, फुटन."

"कंपनी खिळे ठोकून बाटल्या देते का?" पांडुरंगराव म्हणाला. मागून कोणीतरी ओरडलं, "दात पाडा बुढीचे! दात पाडले का मंतर चालत नाही!"

मथुराबाईनं तोंड उघडून दाखवलं. "चार राह्यले. कोनता पायजे?"

पांडुरंगराव तिला बाजूला ढकलून आत घुसला. ती उंबऱ्यावर हातावर पडली आणि मनगटाचा काडी मोडल्यासारखा आवाज झाला. आत त्यांनी पायांनी सरकी उधळली, बाटल्या अंगणात आणून रांगेत ठेवल्या. आणि मग पांडुरंगरावाची नजर नागनाथवर गेली. त्याच्या खिशातून वहीचा कोपरा बाहेर डोकावत होता.

"भरणे सायब, तुमी सरकारी मानूस. रोज सकाळी इथं येता म्हनते. हे काय हाय, तुमीच सांगा. तुमी म्हनान तर नाही फोडत."

एका वाक्याचं काम होतं. नागनाथच्या डोळ्यांपुढं पटेलाची ती भाड्याची खोली आली, आपली वळकटी आली, कुऱ्हाड आली. मथुराबाई मोडकं मनगट पोटाशी धरून त्याच्याकडं पाहत होती.

"मला काही माहीत नाही, पटेल," नागनाथ म्हणाला.

कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, पात्यामागच्या बोथट बाजूनं, एकेक बाटली फुटली. सडक्या अंड्याचा असा भपकारा उठला की लोक नाकाला धोतर लावून मागं सरले. पांडुरंगराव विजयानं ओरडला, "पाहा! पाहा कसं निघून राह्यलं!" सातवी फुटली तेव्हा कसलाही वास आला नाही. ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

चंपत दिवस मावळता मावळता परतला. आईच्या मनगटाला नागनाथनं फडकं बांधलं होतं आणि तो अंगणातल्या काचांपाशी उकिडवा बसला होता. चंपतनं आधी आईकडं पाहिलं, मग काचांकडं.

"तुमी होते इथं?"

"होतो."

"काय म्हनले?"

नागनाथनं सांगितलं. शब्द न बदलता.

आता हा आपल्याला मारणार, असं त्याला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. चंपतनं दात खाल्ले. मग म्हणाला, "वही काढा. पंचनामा लिहा."

"कशाचा?"

"याचा. काय दिसते ते. सहा बाटल्यायच्या काळ्या काचा. सातवीची काच साफ. आईचा हात. कोन आलं, कोनाच्या हातात काय होतं. अन् तुमाले काय इचारलं, तुमी काय सांगतलं, ते बी. पाह्यलं तेच लिहा लागते ना तुमाले? मंग लिहा!"

"चंपतभाऊ, हे लिहिलं तर माझीच साक्ष..."

"माह्या मायचा हात मोडला! डोमाजीले बेवडा लिवलं! सगळ्यायनं आपापलं खोटं चांगल्या अक्षरात लिवून ठेवलं. तुमी तरी एक खरं लिहा!"

नागनाथ लिहू लागला. आयुष्यात पहिल्यांदा अक्षर वाकडं आलं. शेवटच्या ओळी अशा होत्या: 'पांडुरंगराव यांनी विचारले असता, मला सर्व माहीत असूनही, मला काही माहीत नाही असे मी खोटे सांगितले. कारण मी भ्यालो.' 'कारण' पंचनाम्यात लिहायचं नसतं. त्यानं ते लिहिलं आणि खाली सही केली. मथुराबाईनं डाव्या हाताचा अंगठा दिला.

"तुह्या मानसानं पानी तरी देलं मले," ती लेकाला म्हणाली. "बाकीच्यायनं तेबी नाही."

"आई, तू गप राह्य."

पंचनाम्याचं पांडुरंगरावाला कळलं, आणि दुसऱ्या सकाळी नागनाथची वळकटी रस्त्यावर पडलेली होती. पोलीस ठाण्यात त्यानं या वेळी तोंड उघडलं, जबाबही दिला. तिथं दोन्ही बाजूंना समोर बसवून 'समझोता' लिहून घेतला गेला. मथुराबाईचं मनगट वाकडंच जुळलं आणि पांडुरंगरावाला कोणी एक शब्द विचारला नाही. पुढं जयवंताबाईला नागपूरला नेलं, फिट्सच्या गोळ्या सुरू झाल्या, झटके थांबले. बाटल्या फोडल्या म्हणून थांबले, असं पांडुरंगराव सांगत राहिला.

चौकशी आदिलाबादला एका विश्रामगृहाच्या खोलीत झाली. अधिकारी तेलुगू बोलणारा, पण त्यानं हिंदीत विचारपूस केली. शेजारी कंपनीचा माणूस बसला होता. नागनाथनं एकवीस नोंदी वाचल्या आणि मग तो पंचनामा वाचला. घसा दोनदा बसला. प्रत्येक वेळी चंपतनं समोर पाण्याचा पेला आपटला.

कंपनीचा माणूस हसला. "सर, ये आदमी खुद लिखता है मैंने झूठ बोला. और सैंपल रखा कहाँ, तो भैंस के चारे में!"

चंपत खुर्चीवरून उठला. "बैठो!" अधिकारी म्हणाला. चंपत बसला नाही. "साब, झूठ बोलनेवाला अपना झूठ लिखता क्या? इनके रजिस्टर में देखो, दो महीने रोज नायट्रेट डाला लिखा है. एक दिन भी नागा नहीं, इतवार को भी नहीं. इनके रजिस्टर में कोई डरा क्या? किसी से गलती हुई क्या? किसका भरोसा करते तुम?"

अधिकाऱ्यानं वही पुन्हा एकदा चाळली, शेवटच्या पानावर थांबला. मग कंपनीच्या माणसाला विचारलं, "शराब की जाँच किसने की? डॉक्टर का कागज?" कागद नव्हता. तोंडाचा वास कोणी घेतला? तेही नाव नव्हतं.

अहवाल पावसाळ्यात आला. 'दारूच्या नशेत' हे शब्द काढून टाकले होते. त्यांच्या जागी लिहिलं होतं: मृत्यूचं कारण निश्चित करता आलं नाही. वायूचा उल्लेख नव्हता, पोत्यांचा नव्हता, बाटल्यांचा नव्हता. चंपतची नोकरी मात्र गेली होती. त्याचं कारण निश्चित होतं, 'कंपनीचं सामान परवानगीशिवाय बाहेर नेणं.'

नागनाथनं तो अहवाल भागाबाईला वाचून दाखवला.

"दारू गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"कुठंच नाही ना राह्यली? खाली बारीक अक्षरात?"

"नाही, बाई. कुठंच नाही."

"अन् वायू?" चंपत ओरडला. "वायू कुठं हाय? काऊन मेला डोमाजी? आपोआप? भागाबाई, हे घेऊ नका! आपून वर जाऊ, हैद्राबादले जाऊ!"

भागाबाईनं कागदाची घडी घातली. "भाऊ, माह्या पोरीयले सांगाले एवढं पुरते. तुमाले लढायचं तर लढा. मी नाही म्हनत नाही."

तो लढला. अर्ज करत राहिला. काही नागनाथनं लिहून दिले, नंतर बदली झाली आणि तेही थांबलं. चंपत आईला घेऊन इचोड्याला गेला, रस्त्याकाठी मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या अर्जांचं पुढं काय झालं, मथुराबाई कधी गेली, नंतर तो कसा राहिला, नागनाथनं विचारलं नाही. लाज वाटायची, आणि चंपतनंही कधी आपणहून सांगितलं नाही. 'माफ केलं' असा शब्द दोघांत कधी निघाला नाही. माफी मागितलीच नव्हती, तर देणार कोण?

शेवटची भेट इचोड्याच्या बसथांब्यावर झाली. नागनाथ निर्मलला चालला होता, चंपत हातात एका पंपाचा पंखा घेऊन रस्ता ओलांडत होता. केस पांढरे, कपाळावरची आठी तीच.

"कुठं निघाले?" चंपतनं विचारलं.

"निर्मल. पेन्शनचं काम आहे."

"चहा घेता?"

"नको, बस लागली आहे."

"मंग बसा. मागं नका बसू, लय हादरते."